दार उघडं आहे

"मनोहर माझं ऐकत नाही, हे तुले कालच सांगतलं," वच्छलाबाई कढी ढवळता ढवळता म्हणाल्या.

तरी सुचिता दारात उभीच राहिली. रामाकोना गावची पोर. तिच्या वर्गाचा निकाल विद्यापीठात अडकला होता. कुलगुरूंची एक सही बाकी, आणि बी.एड.च्या प्रवेशाचा उद्या शेवटचा दिवस. विद्यापीठात गेली तर दालनाला कुलूप. पोरं फाटकाशी धरणं देऊन बसलेली. कुलगुरू मात्र रोज फेसबुकवर लाइव्ह येऊन गोड बोलत. म्हणून तिनं सौसरला येऊन त्यांची आई गाठली. आईचा फोन तरी उचलतील.

वच्छलाबाई थकल्या होत्या. मनोहर कुलगुरू झाला तेव्हा त्यांनी मोहगावपर्यंत पेढे वाटले होते. आता शेजारीण विचारायची, साहेब कधी येऊन राहिले? तुझा जावई तुले न्यायले येईल तवा, असं त्या तोंडावर सांगत.

सुचिता पाणी प्यायला आत आली. मोरीत दोन खरकटी ताटं होती. घासून देऊ का, तिनं विचारलं.

"राहू दे. अन् तिकडच्या खोलीत डोकावू नको. कापूस भरला हाय. भाव येईस्तोवर ते दार मी उघडत नाही."

तेवढ्यात लाइव्ह सुरू झालं. सुचितानं फोन पिठाच्या डब्याला टेकवला. मनोहर दिसला. काळा कोट, मागं पांढरी चादर. कोटाच्या खांद्याला पांढरं काहीतरी चिकटलं होतं.

एवढा मोठा साहेब, अन् कोट झटकून द्यायले कोणी नाही, सुचिता पुटपुटली. वच्छलाबाईंनी कढीवरून नजर हटवली नाही.

मनोहर सांगत होता, मी माझ्या दालनातच बसलो आहे, विद्यार्थ्यांसाठी माझं दार सदैव उघडं आहे.

सुचितानं खाली लिहिलं, सर, कुलूप आहे. ते दिसेनासं झालं. पुन्हा लिहिलं. तेही गेलं. मग तिला लिहिताच येईना.

"जाते मी, आजी," ती उठली. "बाबा म्हणूनच राहिले, शिक्षण पुरे, आता लग्नाचं पाहू."

वच्छलाबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग कढी उतरवली. पदराला हात पुसले.

"थांब. तो फोन बंद करू नको."

त्या घराच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि शेतातल्या माणसाला हाक मारावी तशा ओरडल्या, "मन्या, दार उघड. पोरगी कवाची बसून राहिली."

सुचिताला त्यांची कीव आली.

"आजी, इथून बोललेलं त्यांना ऐकू जात नाही."

फोनमधला मनोहर बोलता बोलता गप्प झाला होता. आणि त्याच्या मागून, कापसात दबल्यासारखा, आवाज आला, "मन्या, दार उघड. पोरगी कवाची बसून राहिली."