आर्डिस आजीची साक्ष

मला तीन वर्षं आत पाठवणाऱ्या खटल्याची गोष्ट मी आजही छाती फुगवून सांगतो. आजाऱ्यांसाठी गांजा लावायला आमच्या मोंटाना राज्याची परवानगी होती, पण खटला भरला वॉशिंग्टनच्या केंद्र सरकारनं, त्यांच्या कायद्यात गांजा गुन्हाच. कोर्टात 'औषध' हा शब्दही काढायचा नाही, अशी जजची सक्त ताकीद. साक्षीला गावातली शिंपीण, आर्डिस आजी. माझ्याकडे गांजासाठी पहिल्यांदा आली तेव्हा तिच्या थरथरत्या हातांना चमचासुद्धा धरवत नव्हता.

"आरोपीनं तुम्हाला नेमकं काय दिलं?" सरकारी वकिलानं विचारलं.

आजीनं पर्समधून सुई काढली आणि पहिल्याच खेपेला दोरा ओवला.

"इकडे ये बाळा, तुझ्या कोटाचं बटण लोंबतंय." मग जजकडे वळून म्हणाली, "तो शब्द मी काढला नाही हं, साहेब."