आजोबांच्या खिशात

“एक सुपात, एक टोपल्यात,” प्रतीक्षानं टाळी देत म्हटलं. “आता तू म्हण, चिनू.”

“एक टोपल्यात, एक सुपात,” चिनू म्हणाली, आणि थोरल्या तन्वीसह तिघी मायलेकी हसल्या.

तिवशाच्या त्या घरी संध्याकाळी पाहुणे यायचे होते. रामरावांचा, प्रतीक्षाच्या सासऱ्यांचा, साठावा वाढदिवस होता. तिनं मुलींसाठी एक सोपं गाणं जुळवलं होतं. कोंबडीबाई अंगणात येते, पिलं मोजता मोजता दमते. एक पिल्लू सुपात सापडतं, एक टोपल्यात, आणि तिसरं आजोबांच्या खिशात. तिथं चिनूनं आजोबांच्या खिशात हात घालायचा. पोळ्या करता करता प्रतीक्षा शिकवत होती. तिसरीतल्या तन्वीला सगळं पाठ होतं. बालवाडीतली चिनू सूप आणि टोपलं उलटंसुलटं करायची, पण टाळी पडली की वळणावर यायची.

“गाणं चालू हाय का?” तिचा नवरा मनोज स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. मुलींचं हसू थांबलं. “म्हना. मलेबी ऐकू द्या.”

“संध्याकाळीच ऐका ना तुमी,” प्रतीक्षा म्हणाली.

“काहून? मी का बाहेरचा हाय?”

तन्वीनं धाकटीचा हात धरला. दोघी म्हणू लागल्या. चिनू टोपल्यापाशी अडकली.

“पुन्ना.”

ती पुन्हा अडकली. मनोजचा आवाज चढला नाही. तो चढला नाही की जास्त भ्यायचं असतं, हे त्या घरात चिनूलाही कळत होतं. त्यानं तिच्या गालावर चापट मारली, माशी मारावी इतक्या सहज. “पाहुण्याइत माहं नाक कापते का? सूप अगोदर. म्हन.”

चिनू तन्वीच्या मागं सरकली. त्यानं पुन्हा हात उगारला, तशी प्रतीक्षा मध्ये आली.

“लहान हाय ती. टाळ्या वाजवल्या की बरोबर म्हणते.”

“टाळ्या,” मनोज म्हणाला. “तूच तं बिघडवून ठेवलं याइले.”

त्यानं पोळपाटावरचं लाटणं उचललं. तिचा उजवा हात मनगटाशी धरून ओट्यावर दाबला आणि लाटणं बोटांवर हाणलं. मग पुन्हा, जास्त जोरात. तन्वीनं चिनूचे डोळे झाकले. तिचे स्वतःचे उघडेच राहिले. तव्यावरची पोळी जळून धूर झाला.

“कोनं इचारलं तं न्हानीत घसरली म्हून सांगजो,” तो म्हणाला आणि लाटणं धुऊन जागेवर ठेवून गेला.

संध्याकाळी बैठकीत पाय ठेवायला जागा नव्हती. रामराव नवा सदरा घालून दिवाणावर बसले होते, सासू तानुबाई खाली सतरंजीवर. केक कापून झाला. प्रतीक्षानं सुजलेला हात ओढणीत गुंडाळला होता. “न्हानीत घसरली,” तिनं विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं.

नणंद संध्यानं मुलींना पुढं केलं. कोंबडीबाई अंगणात आली, पिलं मोजून दमली. सुपाशी आल्यावर चिनू थांबली आणि बापाकडं पाहत राहिली. तिच्या पायांखाली फरशी ओली झाली. कुणीतरी हसलं.

“वहिनी, टाळ्या वाजवा ना जरा,” संध्या म्हणाली.

“मम्मीले नाई वाजवता येत,” तन्वी म्हणाली. आवाज गाण्याचाच होता, खणखणीत. “पप्पानं तिची बोटं मोडली. लाटण्यानं.”

मनोज उठला. सगळ्यांदेखत त्यानं तन्वीच्या कानाखाली अशी लगावली की ती टेबलाच्या कोपऱ्यावर आदळली. भुवई फुटून रक्त डोळ्यात उतरलं. मनोजचे काका भगवंतराव तेवढे उठले. शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून त्यांनी बाहेरचं दार लावलं, कडी घातली आणि परत येऊन बसले.

“लेकराइले धाक पाह्यजेच,” रामराव म्हणाले.

मनोज तन्वीचे केस धरायला वाकला. केकवरची सुरी आपण कधी उचलली ते प्रतीक्षाला कळलं नाही. ती डाव्या हातात होती, क्रीमनं माखलेली. तिनं ती त्याच्या दंडात खुपसली आणि उपसून घेतली.

मनोज गुरासारखा ओरडला. तो मागच्या खुर्च्यांवर कोसळला आणि बाही बघता बघता लाल झाली. बायका किंचाळल्या.

“धरा तिले!” रामराव ओरडले.

“जवळ येऊ नका कोनी.” प्रतीक्षानं सुरी पुढं धरली. दोन्ही मुली तिच्या पाठीला चिकटल्या. तन्वीचं रक्त तिच्या कुर्त्यातून पाठीला ऊन ऊन लागत होतं.

सगळ्या बैठकीत एकट्या तानुबाई उठल्या, गुडघ्यावर हात टेकत, सावकाश. त्या जवळ आल्या तशी प्रतीक्षानं सुरी त्यांच्याकडंही रोखली. त्यांनी सुरीकडं पाहिलं नाही. त्या तिच्या बाजूनं पुढं गेल्या, कडी काढली आणि दाराच्या दोन्ही फळ्या उघडल्या. रस्त्यावरचे दिवे नुकतेच लागले होते.

“मांगं हो, तानू,” रामराव म्हणाले. त्यांचा हात वर गेला होता.

तानुबाईंनी मागं वळून पाहिलं नाही.

“जाय वं माय,” त्या सुनेला म्हणाल्या. “मले कोनं दार उघडून देल्लं नाई.”