रोजच्या सहा नळ्या

सहावी नळी भरत आली तेव्हा आबा म्हणाले, "हंसाबेन, मी काय म्हैस आहे? रोज सकाळी धार काढायला येता ते!"

"बस काका, एक ज." सिस्टर हंसाबेननी जांभळ्या टोपणाची नळी हलवली, कापूस दाबला आणि तो निरूच्या हातात दिला.

निरू म्हणजे निरुपमा, दहावी ब, आबांची, म्हणजे श्रीपतरावांची, एकुलती एक नात. हल्ली ती कुणालाही काहीही विचारायला घाबरत नसे. आबांना हरणीच्या घरून रावपुऱ्यातल्या या दवाखान्यात आणून आज नववा दिवस. ताप, खोकला एवढंच निमित्त. ताप तर चौथ्या दिवशीच पळाला. पण आबा दिवसेंदिवस पांढरे पडत चालले होते.

"रिपोर्ट केव्हा?" तिनं विचारलं.

"काले." हंसाबेन ट्रे घेऊन गेल्या.

"काले म्हणजे उद्या," आबा म्हणाले. "आणि कालसुद्धा! गुजरातीत दोन्हींना एकच शब्द. म्हणून तर यांना कसली घाई नसते बघ." ते हसले, आणि हसता हसता त्यांना धाप लागली.

आले तेव्हा हिमोग्लोबिन बारा. मग अकरा, दहा, आज नऊ. रक्त जातंय कुठे, या प्रश्नानं डॉक्टरांना पछाडलं होतं. सोनोग्राफी झाली, पोटात दुर्बीण घालून झाली. काही नाही. आता उद्या कमरेच्या हाडात सुई घालून आतला मगज काढणार होते. ते कशासाठी, असं विचारलं की आई उगाच डबा उघडून बसायची.

रक्त कुठे जातंय ते निरूला तर ढळढळीत दिसत होतं. नळीत! पण हे रोज घ्यायला सांगितलं कुणी? तिला तो माणूस हवा होता. आजच्या आज.

"मोठ्या साहेबांची ऑर्डर असणार," छोटे डॉक्टर म्हणाले.

"पोरांनी लिहिली असेल," मोठे डॉक्टर चालता चालता म्हणाले. "असू दे ना बेटा, रिपोर्ट हाताशी असलेला बरा. उद्या काही झालं तर तुम्हीच विचाराल, का नाही केलं म्हणून."

लॅबवाल्यानं खांदे उडवले. "नळी आली की आम्ही तपासतो."

"कुणीच नाही सांगितलं, तर होतंय कसं?" निरू तणतणत खोलीत परतली.

"बस झालं तुझं शहाणपण," आईचा आवाज फुटला. "आदल्या संध्याकाळीच सगळं रक्त घेतलंय, परत टोचू नका म्हणून दुसऱ्या दिवशी फायलीवर चिठ्ठी चिकटवलीस ना? कुणी ऐकलं?"

"ऐकतील कसे? वाचलीच नसेल कुणी!"

आबा झोपले होते. दोन्ही कोपरांच्या आतल्या बाजूला निळे-काळे डाग. निरू पाहत राहिली, आणि मग तरातरा काउंटरवर गेली.

"हंसाबेन, मला नाव सांगा. रोज रक्त घ्या, असं कुणी लिहिलंय?"

हंसाबेनना लागलं ते. "अमे अमारा मनथी लईए, बेन? लखेलुं छे! सांजनी सिस्टर वांचे, ने सवार माटे नळी काढी राखे. रोज."

"लिहिलेलं आहे? आणि संध्याकाळची सिस्टर ते वाचून सकाळसाठी नळ्या काढून ठेवते? मग सही कुणाची आहे?"

"सही नथी. पण आटला सरस अक्षर, मोटा साहेबना ज होय ने! पछी कोण पूछे?"

"छान अक्षर म्हणजे मोठ्या साहेबांचंच? दाखवा."

हंसाबेननी फाईल तिच्याकडे फिरवली. पहिल्याच पानावर, चारही कोपरे नीट चिकटवलेली चिठ्ठी. जांभळ्या पेनची शाई, शाळेत बक्षीस मिळवणारं गोल वळणाचं अक्षर:

"सगळ्या रक्त-तपासण्या – काल."