बिनहाराची सायकल

"कापसाच्या जिनाच्या कंपाउंडात चांगल्या वीस-पंचवीस सायकली उभ्या होत्या. त्यातली हीच काऊन उचलली बे?" हवालदार मधुकररावांनी विचारलं.

चोर खाली उकिडवा बसला होता. नत्थू त्याचं नाव. कपाळाला अष्टगंध, गळ्यात तुळशीची माळ, हातांत बेड्या. काल अल्लीपूरच्या बाजारात सायकल विकताना तो सापडला होता.

"साहेब, दसरा होता ना," तो म्हणाला. "साऱ्या सायकलीयले झेंडूचे हार होते. पूजा केलेली गाडी देवाची असते. तिले हात लावला त पाप लागते. या एकीलेच हार नव्हता."

मधुकररावांचा चेहरा खुलला. "पाय बरं! चोर आहे, पण धर्म नाई सोडला गड्यानं."

ज्याची सायकल गेली होती तो तानबा भिंतीशी उभा होता. जिनात कापसाचे बोजे उचलणारा हा माणूस सकाळपासून ठाण्यात ताटकळत होता. त्याला बस म्हणायचं कोणाला सुचलं नव्हतं.

"आन् तू काऊन नाई घातला रे हार?" मधुकरराव त्याच्याकडे वळले. "झेंडूची दोन फुलं वाहिली असती त हे लफडंच झालं नसतं."

म्हणजे फिरून फिरून गुन्हा आला तो तानबाच्याच गळ्यात!

"मागच्या दसऱ्याले आमी नागपूरले दीक्षा घेतली साहेब," तो म्हणाला. "आता पूजा करत नाई. घासून-पुसून मात्र लख्ख ठेवली होती."

नत्थूने मान वर केली. आधी तानबाकडे पाहिलं, मग दाराशी टेकवलेल्या सायकलीकडे, आणि मग स्वतःच्या तळहातांकडे.

"हा त्यायच्यातला आहे का?"

मधुकररावांनी मान डोलावली.

"साहेब, जरासं पाणी द्या. हात धुतो."

आणि हवालदारांनी दिलं! जागचे उठून, स्वतःच्या लोट्यातलं, वरून धार धरून. नत्थूने बेड्यांसकट कोपरापर्यंत हात चोळले. दसऱ्यापासून हा याच सीटवर बसून गावोगाव हिंडला होता, याच कॅरिअरला भाकरीचं फडकं बांधून, तीच भाकर खाऊन ढेकर देत आला होता. तेव्हा त्याला काही झालं नव्हतं. तानबाला त्याची शिसारी आली. चोरी एकवेळ परवडली, पण ते धुणं त्याच्याने पाहवेना.

"अजून एक इनंती आहे साहेब," हात झटकत नत्थू म्हणाला. "रपोटात याचं नाव नोका टाकू. कोणाची सायकल घेऊन फिरलो हे गावात कळलं त जातीबाहेर काढतीन मले. पोरीचं लगन ठरलं आहे, ते मोडीन."

"आन् चोर म्हणून कळलं त नाई मोडत का?" तानबाच्या तोंडून निघून गेलं.

"त्याचं काय," नत्थू हवालदारांकडेच पाहत म्हणाला. "चोरी त कोणीबी करते."

मधुकररावांनी घसा साफ केला. मघापासून 'हरामखोर' असलेला नत्थू आता 'नत्थूभाऊ' झाला.

"पाय तानबा, नत्थूभाऊचं बी काई खोटं नाई. रपोट लिवला त सायकल मुद्देमालात जमा होईन. कोर्टाचा निकाल लागेपर्यंत अठीच गंजत राहीन. त्यापेक्षा आत्ता घेऊन जाय. सायकल सापडली, मिटलं. काऊन डोक्याले ताप?"

तानबाने सायकलीकडे पाहिलं. रोज तो जिनात येताना याच कॅरिअरवर बसून त्याची लेक सुलोचना तालुक्याच्या शाळेत यायची. वाट चार कोसांची, मधे नाला. दसऱ्यापासून पोरगी घरी होती. उद्या तिची सहामाही परीक्षा सुरू व्हायची होती, आणि बायकोने एका स्थळाची कुजबुज आधीच चालवली होती. सायकल आत्ता घरी नेली तर सगळं जिथल्या तिथे बसणार होतं.

त्याने पुढे होऊन हँडल धरलं.

नत्थूने सुटकेचा श्वास सोडला. "भला माणूस आहे," तो हवालदारांना म्हणाला, आणि सायकल बाहेर निघताना धक्का लागू नये म्हणून धोतर सावरून अंगाला अंग चोरत मागे सरकला.

ते सरकणं तानबाने पाहिलं. त्याने सायकल पुन्हा दाराशी टेकवली.

"लिवा साहेब."

"आन् पोरीची परीक्षा? मघा तूच सांगून राह्यला होता."

"पायी आणतो. नाला आला त खांद्यावर घेतो. तुमी लिवा. सायकलीचा मालक, तानबा नानाजी ताकसांडे. धर्म बौद्ध."

मधुकररावांनी कपाळाला आठ्या घालत कागद ओढला आणि टाक दौतीत बुडवला. टाक कागदाला टेकतो न टेकतो तोच नत्थूने बेड्यांसकट त्यांचे पाय धरले.

"साहेब, पोळ्याच्या बाजारातली सायकल मीच नेली होती. कारंज्याच्या ढाब्यावरची बी मीच. त्या दोन्ही लिवा माह्या नावावर, आणखी पायजे त दुसऱ्याच्या बी लिवा. वाटेल तेवढ्या चोऱ्या लिवा साहेब, पण ही एक नोका लिवू!"

टाक थांबला. हवालदार तानबाकडे पाहू लागले.

"ताकसांडे," तानबा म्हणाला. "त ले काना."