नमुना अहवाल

"पाच दिवसांत सर्टिफिकेट तुमच्या भिंतीवर," प्रफुल्लने आपल्या ऑफिसात चहाचा कप सुदेशपुढे सरकवला. "अठरा हजार. सगळं धरून."

त्याचा चेहरा उजळला. मानपाड्याला सुदेशचा गाळा होता, पंपांचे पितळी बुश बनवायचा. चौदा माणसं कामाला. अर्ध्याहून जास्त माल एकच कंपनी घ्यायची आणि तिने कळवलं होतं, एकतीस मार्चच्या आत आयएसओ सर्टिफिकेट आणा, नाहीतर एप्रिलपासून ऑर्डर दुसऱ्याला. जानेवारी संपत आला होता. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग, अशी सुदेशची गत झाली होती.

शेजारी त्याची थोरली बहीण मंजुळा मांडीवर डब्याची पिशवी धरून बसली होती. गाळ्याचे कागदपत्र तीच सांभाळायची. दुसऱ्या एका संस्थेचं कोटेशन तिच्याकडे होतं: तीन वर्षांचे मिळून पंच्याण्णव हजार. आधी दोन टप्प्यांत ऑडिट, मग दरवर्षी एकदा येऊन तपासणी. तारखेची हमी नाही.

"तुमचं ऑडिट किती दिवसांचं?" मंजुळाने विचारलं.

"कागदावर दोन दिवसांचं, मॅडम. तुम्हाला त्रास काहीच नाही."

"आणि तुमच्या संस्थेला मान्यता कुणाची?"

प्रफुल्लने भिंतीवरच्या चकचकीत गोल शिक्क्याकडे बोट दाखवलं. "इंटरनॅशनल आहे."

"मान्यता देणाऱ्या बोर्डाच्या वेबसाइटवर तुमचं नाव सापडेल?"

"ते अपडेट चालू आहे."

सुदेशने तिला कोपराने ढोसलं. सर्टिफिकेट देणाऱ्यालाही कुणीतरी तपासलेलं असावं लागतं, ही तिची टकळी तो आठवडाभर ऐकत होता.

"ताई, जाऊ दे ना. सर, तुमचा एखादा रिपोर्ट बघायला मिळेल?"

प्रफुल्लने लगेच एक अहवाल काढून दिला. कारखान्याचं नाव काळ्या पेनने खोडलेलं होतं. सुदेशचा फोन वाजला, कंपनीचाच होता, म्हणून अहवाल बहिणीच्या हातात देऊन तो खिडकीशी गेला.

मंजुळाने एकेक पान सावकाश उलटलं. शेवटच्या पानावर ती थांबली. चष्मा काढला, पदराने पुसला, आणि पुन्हा वाचलं.

"हे ऑडिटर भेटतील का?" तिने विचारलं.

"सर पुण्याला आहेत, ऑडिटला. गेल्या महिन्यात तुमच्या मानपाड्यालाच होते. क्लायंटने बिर्याणी मागवलेली. सरांनी दोनदा घेतली. एकदम मोकळा माणूस!"

"ऑडिटर कारखान्यात जेवत नाही," मंजुळा म्हणाली. "मिंधेपण नको म्हणून घरचा डबा नेतो."

"तुम्हाला काय माहीत?"

"डबा मी भरायचे."

"अच्छा, केटरिंग होतं वाटतं?"

"एकच गिऱ्हाईक होतं." तिने अहवाल घडी घालून पिशवीत ठेवला. "ही प्रत नेऊ ना?"

"खुशाल न्या."

सुदेश फोन ठेवून आला आणि चेकबुक काढू लागला. "उद्या देऊ," म्हणून मंजुळा उठलीच.

कोपरीत रिक्षा स्टँडमागे एक कट्टा होता. तिथे बसून मंजुळाने डबा उघडला. स्टीलचा, तीन कप्प्यांचा, वापरून वापरून कडा गुळगुळीत झालेला. झाकणावर नाव कोरलेलं. भाकरी आणि सुकटीची चटणी. सुदेश रागातच जेवायला बसला.

"अठरा हजारात होत होतं. तू मध्येच उठलीस."

"कंपनीने सर्टिफिकेटचा नंबर तपासला तर?"

"कोण तपासतंय? आणि त्या पंच्याण्णववाल्यांचं मार्चपर्यंत झालं नाही तर? चौदा घरं आहेत, ताई. पोरांना मी काय सांगू?"

ही भीती खरी होती. मंजुळाला ती रोज दिसत होती. गेले चार दिवस तो धड झोपला नव्हता.

"नाही झालं तर मी स्वतः कंपनीत जाऊन मुदत मागेन," ती म्हणाली. "पण त्या माणसाला एक रुपया द्यायचा नाही."

"का पण? एवढं काय वाकडं केलंय त्याने तुझं?"

तिने पिशवीतून अहवाल काढला, शेवटचं पान वर केलं आणि त्याच्यापुढे धरला.

"वाच. सही कुणाची आहे ते वाच."

सुदेशने हातातली भाकरी तशीच ठेवून वाचलं. ऑडिट प्रत्यक्ष कारखान्यात येऊन केले. तारीख अठरा डिसेंबर. ऑडिटर: मारुती नामा भोईर.

त्याने शेजारचं झाकण उचललं. मारुती नामा भोईर, ठाकुर्ली. पुसट झालं होतं, तरी वाचता येत होतं.

भावोजींचं वर्षश्राद्ध गेल्या श्रावणातच झालं होतं.