अडलेला एक टक्का

कॉम्प्युटरवरचा आकडा नव्व्याण्णव टक्क्यांवर अडला होता. आज चौथा दिवस.

"बाबा, डोळे वटारून तो पुढे सरकणार नाही," पायल म्हणाली.

सुखदेवने पुन्हा आकड्याकडे पाहिलं. दोष कुणाचा, हे त्याला पुरतं ठाऊक होतं. सुंदराबाईंची भीमगीतं त्याने सात वर्षं वस्त्यावस्त्यांत फिरून कॅमेऱ्यात धरली. बाई गेल्या. मोठ्या संग्रहालयातल्या साहेबाने नाक मुरडलं, "यात दर्जा कुठाय?" मग पायलने ती अगडबंब फाईल इंटरनेटवर, टॉरंटच्या वाटावाटीत टाकली. फाईलचे तुकडे होतात. ज्याच्याकडे जो तुकडा, तो त्याने दुसऱ्याला द्यायचा. कुठल्या साहेबाच्या पाया पडायचं काम नाही.

बारा जण ती उतरवून घ्यायला लागले. दहाव्या दिवशी सुखदेवने कॉम्प्युटर बंद केला. सगळ्यांना पोचलं असेल, असं धरून. बटणाच्या वर त्याच्याच हाताची पाटी होती: 'कामाशिवाय वीज जाळू नये.' आठवड्याने हार्ड डिस्क मेली. दुसरी प्रत ठेवली नव्हती.

आता तो आपलीच फाईल लोकांकडून परत मागत होता. अकरा जणांकडे नव्व्याण्णव टक्के होते, आणि अकराही जणांकडे तोच एक टक्का नव्हता. बाईंचं शेवटचं गाणं. बाराव्याकडे ते असेलही, पण तो बेपत्ता.

"तुम्ही वीज वाचवलीत," पायल म्हणाली. "बाई नाही वाचवल्या."

सुखदेवची नजर बटणावरच्या पाटीवर गेली.

सव्वाअकराला आकडा हलला. पायलने खुर्ची ओढली. शंभर. पाठोपाठ खालच्या यादीतले अकराही एकेक करून शंभर झाले.

फोन वाजला. खडकवासल्याकडच्या विहारातला दशरथ. "दादा, आमचं मशीन दुरुस्तीला गेलतं. आत्ता आणून लावलं, तर तुम्ही बाराजण दारात हुभे. एवढी कसली घाई हाय?"

"काही नाही," सुखदेव म्हणाला. "तू बंद नको करूस, एवढंच."

त्याने पायलकडून फाईलच्या दोन प्रती करून घेतल्या. मग सदऱ्याने चष्मा पुसला, बटणावरची पाटी उचकटली, उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर जाड स्केचपेनने लिहिलं:

'बटणास हात लावू नये. लोक घेत आहेत.'