कोरी खाडी

भाद्रपदाआधी जानू गणपती घडवायचा, एरवी भिंती रंगवायचा. नव्वद साली अंजूरच्या शाळेत त्यानं भिंतभर आशिया खंड काढला. बर्फात हिमबिबट्या, वाळवंटात उंट, उंच गवतात गेंडा. डोळे तेवढे ठेवले शेवटी. अंग पुरं झाल्याशिवाय डोळे उघडायचे नाहीत, हा त्याच्या बापाचा नेम.

"आपल्या खाडीच्या तिवरांच्या झाडीत एक कोल्हा काढतो, बाई."

"नको," वर्गशिक्षिका मंदाबाई म्हणाल्या. "तिवरं तोडून भराव पडला, गोदामं उठली. पोरांना खोटं कशाला दाखवायचं?"

भिंतीवर खाडीची जागा कोरीच राहिली. बाकीच्यांचे डोळे जानूनं वर्गाकडे बघणारे काढले.

सकाळी पाहतो तर उंट, गेंडा, बिबट्या, सगळे त्या कोऱ्या जागेकडे बघत होते.

"जानूभाऊ, हे असे का काढलेत?"

"म्या न्हाय काढले, बाई."

त्यानं डोळे पुन्हा रंगवले. दुपारी रंग वाळला आणि नजरा परत तिकडेच वळल्या. शेवटी जानूही तिकडे वळला.

कोऱ्या भिंतीवर दोन पिवळे डोळे होते. ओले. अंग कुठंच नव्हतं.

जानूनं डोळ्यांच्या जरा खाली हात टेकला.

हाताला केस लागले. ऊबदार.